काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न: केबल, पॉवर बँक, पेन ड्राइव्ह आणि बाकीचं किडुकमिडुक

आमचं दुकान चिपळूणला, बाजारपेठेत. सुरू केलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं म्हणून, पण आज पोट चालतं ते केबल, चार्जर, माउस, पॉवर बँक असल्या किडुकमिडुकावर. तेच ते प्रश्न दिवसातून दहादा यायला लागले तेव्हा मी उत्तरं एका कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवली. एका कागदाचे चार झाले, काच पुरेना. म्हणून हे पान. प्रश्न गिऱ्हाइकांच्याच शब्दांत ठेवलेत. उत्तरं माझी आहेत, आणि मी दुकानदार आहे हे लक्षात ठेवूनच ती वाचा.

स्वस्तातलं घेतलं तर चालेल ना?

काय घेताय त्यावर आहे. माझा हिशोब असा: ज्यातून वीज जाते आणि ज्यात तुमचा डेटा राहतो, तिथे शंभर-दोनशे वाचवायला जाऊ नका. म्हणजे चार्जर, पॉवर बँक, एक्स्टेन्शन बोर्ड, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क. माउस, माउस पॅड, मोबाइल स्टँड, लॅपटॉप स्टँड, यूएसबीवरचा पंखा, छोटा दिवा, कव्हर हे सगळं स्वस्तातलं बिनधास्त घ्या. बिघडलं तर तेवढेच पैसे जातात.

होतं मात्र उलटंच. लाल-निळे दिवे लागणारा दीड हजाराचा माउस घेतात आणि पंचवीस हजारांचा फोन एसटी स्टँडवरच्या नव्वद रुपयांच्या चार्जरला लावतात.

कूलिंग पॅड मी कुणी मागितल्याशिवाय दाखवत नाही. लॅपटॉप तापत असेल तर आधी आतल्या पंख्यातली धूळ साफ करून घ्या आणि मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा. गादीवर, उशीवर ठेवून काम करू नका. एवढं करून भागलं नाही तरच पॅड घ्या.

पॉवर बँकवर १०,००० लिहिलंय. माझा फोन ५,००० चा आहे, म्हणजे दोनदा चार्ज व्हायला हवा. दीडदाच होतो. फसवलं का?

नाही, निदान या बाबतीत तरी नाही. १०,००० एमएएच (वीज किती साठते त्याचं माप) हा आकडा आतल्या सेलचा असतो, आणि सेल असतो ३.७ व्होल्टचा. गुणाकार करून हजाराने भागलं की ३७ वॅट-अवर होतात. पॉवर बँकेत खरी शिल्लक ही. फोनकडे वीज जाते ५ व्होल्टने किंवा त्याहून जास्तने. ३.७ चे ५ करताना आतलं सर्किट तापतं, त्यात थोडी वीज जाते. मग फोन ती वीज परत आपल्या बॅटरीच्या व्होल्टेजला उतरवतो, त्यात आणखी थोडी जाते. हातात येते ती दीड वेळेची चार्जिंग. ओढ्यावरून कळशी भरून घरी आणताना वाटेत हिंदकळतं ना, तसंच.

चांगल्या पॉवर बँकेवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून दुसरा आकडा छापलेला असतो. १०,००० वाल्यावर तो साधारण ६,००० च्या आसपास दिसतो. तो छापणारा खरं सांगतोय असं समजा. ज्यावर तो आकडाच नाही, किंवा हातात घेतल्यावर जी रिकाम्या डबीसारखी हलकी लागते आणि वर ५०,००० लिहिलेलं असतं, ती परत ठेवा. इतक्या क्षमतेचे सेल वजनाला चांगलेच जड असतात. पण नुसत्या वजनावरही जाऊ नका. एका गिऱ्हाइकाने जत्रेत घेतलेली एक उघडून पाहिली तर आत एकच सेल, आणि शेजारी वजनासाठी वाळूची पुडी.

मग खरी-खोटी ओळखायची कशी?

मागे ‘आर’ अक्षर आणि त्यापुढे आठ आकडी क्रमांक आहे का ते बघा. पॉवर बँक, मोबाइलचे चार्जर, लॅपटॉपचे अडॅप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी सक्तीची आहे. नुसता छाप बघून थांबू नका, छाप कुणीही मारतं. फोनवर बीआयएस केअर हे ॲप मोफत मिळतं, त्यात हा क्रमांक टाकला की कुठल्या कंपनीची, कुठल्या वस्तूची नोंदणी आहे ते दिसतं. पॉवर बँकेवरचा क्रमांक टाकला आणि एलईडी बल्बची नोंदणी दिसली, असं मी स्वतः पाहिलंय. काउंटरवर उभं राहूनच तपासा. दुकानदाराला राग आला तर दुकान बदला. हे माझ्या दुकानालाही लागू.

मुलगा कतारला जातोय. विमानात पॉवर बँक नेता येते का?

हातातल्या बॅगेत, हो. चेक-इन केलेल्या बॅगेत अजिबात नाही, ती बॅग उघडून काढून ठेवतात. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे. वरच्या हिशोबाने १०,००० ची ३७ आणि २०,००० ची ७४, दोन्ही चालतात. ३०,००० ची १११ होते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. आकडा बॉक्सवर नको, पॉवर बँकेवरच छापलेला आणि वाचता येणारा हवा. खिशात घासून अक्षरं पुसली गेली असतील तर सुरक्षा तपासणीत वाद घालण्यापेक्षा दुसरी न्या.

सगळ्या केबल सारख्याच दिसतात. एकीने फोन तासात भरतो, दुसरीने रात्रभर लागते. असं का?

बाहेरून सारख्या, आत फरक. केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि डेटा नेणाऱ्या वेगळ्या असतात. स्वस्त केबलमध्ये तांबं केसासारखं बारीक असतं, लांबी वाढली की व्होल्टेज पडतं, आणि फोन ते ओळखून हळू चार्ज घेतो. म्हणून तीन मीटरची शंभर रुपयांची केबल पलंगावर लोळायला सोयीची वाटली तरी घेऊ नका. एक मीटरची घ्या.

काही केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. पंख्याबरोबर, टॉर्चबरोबर फुकट येणाऱ्या केबल बहुधा याच. फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला लावला तर कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही. ‘फोनचं सॉफ्टवेअर बिघडलं’ म्हणून जे लोक येतात, त्यांना अर्ध्या वेळेला मी दुसरी केबल लावून दाखवतो आणि चहा पाजून परत पाठवतो.

दोन्हीकडून टाइप-सी असलेल्या साध्या केबलमधून ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला जास्तीत जास्त ६० वॅट जातात. त्याहून जास्त हवे असतील, म्हणजे मोठा लॅपटॉप चार्ज करायचा असेल, तर आत एक छोटी चिप असलेली केबल लागते. १०० वॅटची किंवा आता २४० वॅटची मिळते ती ही. चिप नसेल तर चार्जर ६० च्या वर जातच नाही, चार्जरवर १०० लिहिलेलं असलं तरी.

आणि ज्या फोनबरोबर ६५-८० वॅटचा भला मोठा चार्जर येतो, त्यातले बरेच स्वतःच्याच पद्धतीने बोलतात. चार्जरही त्यांचाच आणि केबलही त्यांचीच लागते. दुसरी केबल लावली की तोच फोन साध्या फोनसारखा हळू भरतो. त्या केबलला मुलांच्या हाती देऊ नका, बाहेर जोडीची मिळवताना दमछाक होते.

नवीन ट्रिमरला टाइप-सी आहे. फोनच्या नव्या चार्जरला लावला तर चार्जच होत नाही. परत घ्या.

घेतो, पण आधी ट्रिमरबरोबर आलेली केबल लावून बघा. एका बाजूने जुनी चौकोनी यूएसबी, दुसरीकडून टाइप-सी अशी ती असते. जुन्या चार्जरला लावली की चालेल.

कारण मजेशीर आहे. दोन्हीकडून टाइप-सी असली की चार्जर आधी विचारतो, ‘पलीकडे कोण आहे?’ उत्तर द्यायला वस्तूत ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लागतात. किंमत काही पैसे. स्वस्त ट्रिमर, टॉर्च, छोटे पंखे बनवणारे तेवढेही वाचवतात. उत्तर आलं नाही की चार्जर वीज सोडत नाही. जुना यूएसबी चार्जर असले प्रश्न विचारत नाही, कुणी असो नसो, ५ व्होल्ट देत बसतो. म्हणून घरातला एक जुना चार्जर जपून ठेवा, असल्या वस्तूंना तोच लागतो.

लॅपटॉपचा चार्जर गेला. कंपनीचा साडेतीन हजार सांगतात. लोकल चालेल?

चालेल, तीन गोष्टी जुळल्या तर. जुन्या अडॅप्टरवरचे व्होल्ट तेच हवेत (१९ आणि १९.५ एवढा फरक चालून जातो). अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत, कमी नकोत. आणि पिन. काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध सुईसारखी तार असते, त्यातून लॅपटॉप चार्जर आपलाच आहे का ते विचारतो. ती नीट नसेल तर लॅपटॉप चालतो, बॅटरी मात्र भरत नाही. म्हणून जुना चार्जर आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन या. फोनवर ‘तो गोल पिनवाला’ एवढं सांगून कुणालाच कळत नाही.

लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. शॉक आहे का?

हा प्रश्न मे महिन्यात जास्त येतो आणि त्यालाही कारण आहे.

अडॅप्टरच्या आत विजेतला गोंगाट गाळायला कपॅसिटर नावाचा एक छोटा भाग असतो, त्यातून अगदी थोडा प्रवाह धातूच्या बॉडीवर येतो. प्लग तीन पिनांचा असेल आणि घराचं अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत निघून जातो. दोन पिनांचा असेल तर त्याला वाट नसते, मग तो तुमच्यातून जातो. चांगल्या अडॅप्टरमध्ये तो इतका कमी असतो की नुसत्या मुंग्या येतात. नकली अडॅप्टरमध्ये त्या जागी साधा कपॅसिटर घातलेला असू शकतो. तो आतून शॉर्ट झाला तर मुंग्यांवर भागत नाही.

आता मे महिन्याचं. आपल्याकडे जमिनीत जांभा दगड. पावसाळ्यात ओला असतो तोवर ठीक, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. अर्थिंगचा खड्डा वाळला की अर्थिंग नुसतं नावाला उरतं. खड्ड्यात कोळसा-मीठ आहे का बघा, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता आणि वायरमनकडून तपासून घ्या.

जाता जाता एक. दोन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून सॉकेटच्या वरच्या भोकात पेन खुपसून खालचं झाकण उघडायची सवय घरोघर आहे. ते झाकण मुलांची बोटं जाऊ नयेत म्हणून केलेलं असतं. चाळीस रुपयांचा कन्व्हर्टर प्लग मिळतो.

ऑनलाइन २ टीबीचा पेन ड्राइव्ह सहाशेला आहे. मागवू का?

नको. लग्नाचे फोटो टाकायचे असतील तर अजिबातच नको.

ही फसवणूक कशी चालते ते सांगतो, म्हणजे पटेल. आत खरी जागा असते ८, १६ किंवा ३२ जीबी. आतल्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं: कुणी विचारलं की ‘दोन हजार जीबी’ सांग. विंडोजला पडताळायचं कारणच नसतं, ते तसंच दाखवतं. तुम्ही फाइली टाकता, नावं दिसतात, आकारही दिसतो. खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत जातं किंवा आधीच्यावर लिहिलं जातं. महिन्याने फोटो उघडायला जाता तेव्हा पहिले काही उघडतात, उरलेले राखाडी चौकोन.

माझ्याकडे एक ताई अशाच ड्राइव्हमध्ये मुलीच्या बारशापासूनचे फोटो घेऊन आल्या होत्या. फोनमधून जागा करायला म्हणून तिथले पुसून टाकले होते. फारसं काही निघालं नाही. त्या दिवसापासून मी नवा ड्राइव्ह विकताना सांगतो, पहिल्या दिवशी त्याची परीक्षा घ्या. विंडोजसाठी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे, लिनक्स आणि मॅकसाठी एफ-थ्री. तो पूर्ण ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि परत वाचून बघतो. ६४ जीबीला तासभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. रात्री लावून झोपा. मेमरी कार्डांनाही हेच.

परीक्षेत पास झालेला ड्राइव्हसुद्धा उद्या जाऊ शकतो. फोटो दोन ठिकाणी ठेवा. पेन ड्राइव्ह ही ने-आण करायची पिशवी आहे, तिला कपाट समजू नका.

६४ जीबीचा घेतला, ५९ च दाखवतो. हा पण नकली?

नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने जीबी मोजते, विंडोज १०२४ च्या. ६४ चे साडेएकोणसाठ, १ टीबीची ९३१ जीबी. सगळ्याच ड्राइव्हचं असंच.

जागा आहे तरी पिक्चरची फाइल जात नाही. ‘फाइल मोठी आहे’ म्हणतो.

ड्राइव्ह फॅट-३२ नावाच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला आहे. त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुना टीव्ही किंवा गाडीतला प्लेयर एक्सफॅट वाचेलच असं नाही, तेवढं बघा.

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला, घरी आणला तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत.

डेटा बहुतेक वेळा गेलेला नसतो, लपवलेला असतो. त्या शॉर्टकटवर डबल-क्लिक करू नका, तसं केलं की व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येतो. फोल्डर ऑप्शनमध्ये लपलेल्या फाइली दाखवा, सिस्टिम फाइलीही दाखवा, असं दोन्ही करा. खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. ते बाहेर काढून ड्राइव्ह फॉरमॅट करा.

सेवा केंद्रात, सायबर कॅफेत न्यायला एक जुना ४-८ जीबीचा ड्राइव्ह वेगळाच ठेवा. त्यात फक्त त्या दिवशीची पीडीएफ. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर आधारचा फक्त शेवटचे चार आकडे दिसणारा, मास्क केलेला नमुना जिथे चालतो तिथे तोच पाठवा, आणि प्रिंट निघाल्यावर दुकानाच्या कॉम्प्युटरमधून फाइल आपल्यासमोर पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. संकोच कसला? त्यांच्या डेस्कटॉपवर अख्ख्या तालुक्याची आधार कार्डं पडलेली असतात.

वायरलेस माउस अडखळतो. सेल नवा टाकला तरी.

माउसचा छोटा रिसीव्हर कुठल्या पोर्टला लावलाय? निळ्या पोर्टला असेल आणि शेजारच्याच पोर्टला हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह असेल, तर दोष माउसचा नाही. यूएसबी ३ चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, आणि माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनेच २०१२ मध्ये हे कागदावर मांडलं होतं. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या काळ्या पोर्टला लावा, किंवा हातभर यूएसबी एक्स्टेन्शन घेऊन माउसजवळ आणा. पन्नास-साठ रुपयांत काम होतं, मला नवा माउस विकता येत नाही एवढंच.

काचेच्या टेबलावर माउस चालत नाही, खाली वही ठेवा. एका क्लिकचे दोन क्लिक व्हायला लागले तर आतलं बटण झिजलंय, स्वस्त माउसला दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

मराठी टायपिंगसाठी मराठी अक्षरांचा कीबोर्ड आहे का?

मिळतो, पण बहुतेकांना लागत नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आतच आहे. २०१९ पासून विंडोज १० मध्ये फोनेटिकही आलाय, म्हणजे इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप केलं की मराठी उमटतं. कामचलाऊ लिखाणाला तो पुरे.

रोजचं लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, इतकी सरळ मांडणी आहे. इंग्रजी ‘के’च्या जागी ‘क’ येतो, हा योगायोग लक्षात ठेवायला बरा. ‘एन’ला ‘ल’, शिफ्ट दाबून ‘ळ’. पंधरा दिवस चिडचिड होते, मग हात आपोआप चालतो. अक्षरांचे स्टिकर मिळतात ते घ्या, पण महिन्याने काढून टाका, नाहीतर कायम खालीच बघत राहाल. ज्यांची टाइपरायटरवर रेमिंग्टनची सवय झाली आहे त्यांनी इनस्क्रिप्टच्या वाटेला जाऊ नये. त्यांचा हात आमच्यापेक्षा कितीतरी पुढे असतो.

लाइट गेली की वायफाय बंद. मुलीची ऑनलाइन परीक्षा असते.

या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत मी सर्वांत जास्त समाधानाने विकलेली वस्तू म्हणजे राउटरचा मिनी यूपीएस. डब्याएवढी वस्तू, आत लिथियमचे सेल, एक वायर भिंतीकडे, एक राउटरकडे. पण घेण्याआधी घरी जाऊन राउटरच्या अडॅप्टरवरचं वाचा आणि फोटो काढून आणा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. ९ च्या राउटरला १२ दिले तर राउटर जळू शकतो. अँपिअर १ असतील, दीड असतील, २ असतील, यूपीएसचे तेवढे किंवा जास्त हवेत. पिन साधारण ५.५ मिलिमीटरची असते, आतलं भोक मात्र २.१ किंवा २.५, आणि एवढ्याशा फरकाने ती ढिली बसते.

किती वेळ चालेल? यूपीएसवर ८,००० एमएएच असेल तर पॉवर बँकेचाच हिशोब: ३.७ ने गुणलं की जेमतेम ३० वॅट-अवर. राउटर ८-१० वॅट खातो. गळती धरून अडीच तास. ‘८ तास बॅकअप’ असं बॉक्सवर असेल तर हसून सोडून द्या. आणि फायबरचा बॉक्स वेगळा, राउटर वेगळा असेल तर दोन्हींना वीज लागेल, दोन आउटपुटचा घ्या.

हे सगळं करूनही नेट गेलं तर चौकशी करा. घरापर्यंतच्या फायबरला मध्ये वीज लागत नाही, पण केबलवाल्याच्या टोकाला लागते. त्याची बॅटरी संपली की तुमचा यूपीएस काही करू शकत नाही. त्या दिवसासाठी फोनचा हॉटस्पॉट.

घरी इन्व्हर्टर आहे आणि तरी लाइट जाताना कॉम्प्युटर बंद पडतो? इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असा खटका असतो. तो यूपीएसवर करा. फुकटचा उपाय.

टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर घेतला, टीव्हीवर काहीच दिसत नाही.

टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव. त्यातून चित्र बाहेर काढायची सोय आत असेल तरच दिसतं, आणि बजेटमधल्या फोनांत ती बहुधा नसते. काही लॅपटॉपांतही नसते. पोर्टशेजारी विजेची (थंडरबोल्टची) खूण किंवा ‘डी-पी’ची (डिस्प्लेपोर्टची) खूण असेल तर चालण्याची शक्यता चांगली. घेण्याआधी फोन घेऊन या, दुकानात लावून बघू. लॅपटॉपला एचडीएमआयचं पोर्ट असेल तर साधी केबल घ्या, अडॅप्टर कशाला?

इअरबडपैकी एकाचा आवाज कमी झालाय.

ऐंशी टक्के वेळा कानातला मळ. जाळी कोरड्या मऊ ब्रशने, बड उलटा धरून झाडा. सुई घालू नका. केसमधल्या पितळी टोकांवर घामाचा थर बसला असेल तर तो बड चार्जच होत नाही, तिथेही पुसा. ‘आयपीएक्स-४’ म्हणजे शिंतोडे चालतात एवढंच. धबधब्याखाली नाही.

जुना लॅपटॉप मेला. आतला डेटा?

लॅपटॉप मेला म्हणजे डिस्क मेली असं नाही. डिस्क काढून तीन-चारशे रुपयांच्या केसिंगमध्ये घातली की ती यूएसबी हार्ड डिस्क होते. या दुकानातला सर्वांत स्वस्तात सर्वांत जास्त देणारा सौदा हाच. डिस्क चपटी चौकोनी की च्युइंगगमच्या पट्टीएवढी ते बघून केसिंग घ्यावं लागतं. पट्टीवाल्यांत पुन्हा दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई, म्हणून डिस्क बरोबर आणा. आणि ती यूएसबी हबला लावू नका, थेट पोर्टला लावा. साध्या हबमधून फिरत्या डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही, ती टिकटिक करत बसते आणि लोकांना वाटतं डिस्क गेली.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

वीज कडाडायला लागली की राउटरची पिन काढाच, पण भिंतीतून येणारी लॅन केबलही काढा. स्पाइक गार्ड लावून लोक निश्चिंत होतात आणि तडाखा केबलमधून येतो. शिवाय ज्याला स्पाइक गार्ड म्हणून विकतात तो पुष्कळदा नुसता दिव्याचा बोर्ड असतो.

हार्ड डिस्क, कॅमेरा, न वापरातले इअरफोन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. सेल काढून ठेवा. चार महिने पडून राहिलेल्या माउसमध्ये सेल पाझरून स्प्रिंग हिरवी झालेली दर ऑक्टोबरात पाहतो.

आणि वस्तू भिजली तर चालू करून बघू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतरच्या महिन्यात माझ्याकडे भिजलेल्या डिस्क पोत्याने आल्या. माझ्या स्वतःच्या दुकानातल्याही होत्या. ज्यांनी घरी ‘एकदा लावून तरी बघू’ म्हणून वीज दिली, त्यांच्या डिस्क गेल्या. ज्यांनी तशाच पिशवीत आणल्या, त्यांतल्या काहींचा डेटा पुढे मुंबईला पाठवून निघाला. तांदळात ठेवल्याने काही होत नाही, फक्त तांदूळ वाया जातात.

मुंबईला लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याला तपकीर गल्लीत स्वस्त मिळतं. तिकडून आणू?

आणा की. गणपतीला येणारे चाकरमानी आणतातच. माझाही बराच माल तिकडूनच येतो. फक्त बिल घ्या. या वस्तूंवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून ‘बिल नको तर कमी करतो’ म्हणतात. स्टँड, कव्हरला ठीक. पॉवर बँक, हार्ड डिस्कला बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्याच्यावर चालते. थर्मल कागदावरचं बिल सहा महिन्यांत कोरं होतं, त्याच दिवशी फोटो काढा. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा, ऑनलाइन घेतलं असेल तर नक्कीच. दुकानदार किंवा ऑनलाइनवाला दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

पॉवर बँक फुगलीये. पण चालते. वापरू?

नको. चार्जला लावू नका, दाबून सरळ करायला जाऊ नका, आणि कृपा करून कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, तिथे दाबली गेली की पेटते. पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, उन्हापासून लांब ठेवा आणि दुकानात आणून द्या. काउंटरच्या डाव्या हाताला वाळूची बादली ठेवलीये. पैसे लागत नाहीत, आणि ती माझ्याकडून घेतलेली असावी अशीही अट नाही.